आधी जेवायचं, मग द्यायचं

ॲमस्टट्झ कुटुंबाचा एक नियम होता. ज्याला काही द्यायचं, त्याच्या घरी आधी जेवायचं.

नियम विल्मर यांचा. ओहायोतल्या त्या शेतकरी गावात त्यांचा चीजचा लहानसा कारखाना होता. म्हातारपणी तो विकला, तेव्हा आलेल्या पैशातून त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, व्हेरेनाबाईंनी, गोरगरिबांसाठी एक न्यास काढला. कागदोपत्री त्याचं नाव चांगलं लांबलचक होतं. घरात मात्र सगळे त्याला नुसतं ‘टेबल’ म्हणत, कारण न्यासाचं सारं कामकाज स्वयंपाकघरातल्या ओकच्या मोठ्या टेबलाभोवती बसून चाले. सुरुवातीला प्रार्थना, मग चर्चा, मग ‘पाय’, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ.

“लांब उभं राहून दिलं, की आपल्याला वाटायला लागतं आपण देवाचे कारभारी,” विल्मर म्हणायचे. “आधी त्यांच्या ताटातलं खा. म्हणजे पहिले घेणारे तुम्ही ठरता.”

त्यामुळे ॲमस्टट्झ मंडळी जेवत आली होती. रेल्वेरुळांपलीकडे ट्रेलरच्या घरांत कागदी बशांतून मॅकरोनी खाल्ली होती. पार होंडुरासच्या डोंगरात, एल सिप्रेस नावाच्या वस्तीत, चुलीपुढे बसून घेवड्याची उसळ आणि मक्याच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. एल सिप्रेस तर व्हेरेनाबाईंचं दुसरं माहेरच. लग्न झाल्या झाल्या दोघं चर्चच्या सेवेसाठी तिथं जाऊन राहिली होती. बाई तिथल्या शाळेत शिकवत, त्यामुळे स्पॅनिश त्यांना अजूनही घरच्यासारखी यायची.

जेवण झालं, की बाई एकच प्रश्न विचारत. “काय कमी पडतंय?”

समोरचं माणूस म्हणे, “काही नाही.” मग बाई गप्प बसत. मान हलवत नसत की घड्याळाकडे बघत नसत. जन्मभर दुसरीच्या वर्गाला शिकवल्यामुळे त्यांना ठाऊक होतं, की मूल पहिलं उत्तर देतं ते बाईंना बरं वाटावं म्हणून. खरं उत्तर दुसरं असतं, आणि त्याला यायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ बाई देत. ते उत्तर ऐकून घेत आणि म्हणत, “आमचं टेबल नोव्हेंबरात बसतं. मग कळवू.”

विल्मर गेल्यावर बाई घरात एकट्या उरल्या. त्यानंतर दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, फ्रिजमागची वायर जळून त्यांच्या स्वयंपाकघराला आग लागली. त्यांच्या चर्चच्या लोकांचं अशा वेळी ठरलेलं असतं. दुसऱ्याच दिवशी सुतार आले, वायरमन आले, बायका डबे घेऊन आल्या. महिनाही झाला नसेल, तर नवं स्वयंपाकघर उभं राहिलं. ओकचं टेबल एका कोपऱ्याला काळवंडलं होतं. ते बाईंनी बदलू दिलं नाही.

आणि मग एके सकाळी फोनवर ओब्दुलियाचा रेकॉर्ड केलेला निरोप आला.

ओब्दुलिया म्हणजे एल सिप्रेसच्या महिला मंडळाची मुख्य. लहानपणी बाईंच्याच वर्गात होती. आता तिलाही नातवंडं झाली होती. ‘टेबला’ने त्या मंडळाला कोंबड्या दिल्या होत्या, पाव भाजायची भट्टी दिली होती, छपरांना पत्रे दिले होते.

“बाई,” फोनमधून तिचा खणखणीत आवाज आला, “आग लागल्याचं कळलं. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. शिवाय मंडळाने तुमच्यासाठी काही जमवलंय. पण नियम म्हणजे नियम. जेवल्याशिवाय कसं देणार? पुढच्या महिन्यात पेनसिल्व्हेनियाला चर्चच्या बायकांचा मेळावा आहे, त्यांनी मला बोलावलंय. तिथून मी तुमच्याकडे जेवायला येते. खास काही करू नका हं.”

बाईंचा मुलगा लोरेन आणि अकरा वर्षांची नात टिल्डा तेव्हा तिथंच होते. बाईंनी अर्थ सांगितला, तसा लोरेन कपाळाला हात लावून बसला.

“आई, हे उलटं चाललंय. त्यांचं आपण घ्यायचं? ज्यांना पत्रे आपण दिले, त्यांचं?”

“मग तिला काय सांगू?”

“सांग की सगळं झालंय, काही नको, फार फार आभार.”

“पण बाबा,” टिल्डा म्हणाली. ती त्याच वर्षी ‘टेबला’च्या बैठकीला बसायला लागली होती, त्यामुळे नियमांच्या बाबतीत फार कडक होती. “नियम काय फक्त आपलाच आहे?”

“नियम देणाऱ्यांसाठी असतो, टिल्डा.”

“मग आता त्या देणाऱ्या आहेत ना!”

लोरेनने आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. खरं सांगायचं तर बाईंच्याही मनात लोरेनचंच उत्तर होतं. काही नको म्हणावं, गोड बोलावं, विषय मिटवावा. पण लोकांच्या घरी जेवून आयुष्य काढलेल्या बाईने स्वतःच्या घरी जेवायला नको म्हणायचं तरी कसं?

“ये म्हणावं,” त्या म्हणाल्या.

ओब्दुलिया यायच्या आदल्या दिवशी बाईंनी टिल्डाला शेवया करायला बसवलं. अंडं घालून पीठ मळायचं, पातळ लाटायचं, वाळवून कापायचं. “घाई नको. पिठाला थोडं पडू दे, मग ते ऐकतं.” पोरीला शिकवताना बाईंचा जीव नेहमी रमायचा. त्या दिवशी मात्र त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. चांगल्या बशा काढाव्यात? मग ओब्दुलिया म्हणेल, यांना कशाची ददात! रोजच्या काढाव्यात? ते गरिबीचं सोंग झालं. कपाटं पुसून झाली, परत पुसून झाली. चमचा खाली पडला तर टिल्डाला बोलणीसुद्धा बसली.

“आजी, तू घाबरलीयस?”

“मी कशाला घाबरू?” असं म्हटलं खरं, पण बाई मटकन खुर्चीत बसल्या.

त्यांना ओब्दुलियाच्या आईचं घर आठवलं. पहिल्यांदा तिथं जेवायला गेल्या, तेव्हा पुढ्यात कोंबडीचा रस्सा आला होता. बाईंनी तोंडभरून कौतुक केलं, मागून घेतला. लहानगी ओब्दुलिया दाराशी उभी राहून टकमक बघत होती. ती घरातली एकुलती एक अंडी देणारी कोंबडी होती, हे बाईंना पुढे कितीतरी दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या माउलीनेही अशीच घरातली भांडी पुन्हा पुन्हा पुसली असतील. बाई जेवायला येणार म्हणून.

“टिल्डा,” त्या म्हणाल्या, “रोजच्याच बशा मांड.”

लोरेन पाहुणीला बस स्टँडवरून घेऊन आला. ओब्दुलिया ठेंगणी, गुटगुटीत; अंगात उसना कोट, हातात कॉफीची पुडी. आल्या आल्या तिने बाईंना घट्ट मिठी मारली आणि पातेल्याकडे, ओट्यावरच्या ‘पाय’कडे बघितलं.

“खास करू नका म्हटलं होतं ना, बाई?”

“कुठं काय! रोजचंच आहे.”

“रोज तुम्ही अख्खा पाय करता? एकटीला?”

बाईंनी भाषांतर केलं नाही, तरी टिल्डाला कळलं आणि ती खुदकन हसली.

ओब्दुलियाने हात धुतले. पुसता पुसता तिची नजर सिंकजवळ गेली. टिल्डाने मांडलेलं सगळं टेबलावर होतं. सिंकजवळ सकाळचं तेवढं निथळत होतं. एक बशी, एक कप, एक काटा. मग तिने पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर आत डब्यांवर डबे. प्रत्येकावर कुणाकुणाच्या नावाची पट्टी.

“हे काय?”

“चर्चच्या बायका आणून देतात. फार चांगल्या आहेत गं.”

“बसतात का जेवायला?”

“त्यांना कामं असतात,” बाई म्हणाल्या आणि शेवयांवर कढवून तांबूस केलेलं लोणी ओतायला लागल्या.

जेवण छान झालं. कोंबडी, शेवया, बीटचं लोणचं. ओब्दुलियाने मागून मागून घेतलं. लोरेनशी ती खुणांनी बोलली आणि त्याचं टक्कल त्याच्या वडिलांसारखंच आहे, हे तिने त्याला खुणेनेच सांगितलं. ‘पाय’चे तुकडे करून झाले तेव्हा तिने काटा खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि विचारलं, “काय कमी पडतंय, बाई?”

“काही नाही गं,” बाई म्हणाल्या. “देवाने सगळं दिलंय.”

बाईंनी ते दोन्ही भाषांत सांगितलं. लोरेनला हायसं वाटलं. त्याने पायचा तुकडा पुढे ओढला.

ओब्दुलिया काही बोलली नाही. नुसती बसून राहिली. मान हलवली नाही की घड्याळाकडे बघितलं नाही.

बाईंनी ती शांतता लगेच ओळखली. त्यांचीच होती ती.

“हे मी तुला शिकवलंय,” त्या म्हणाल्या.

“हो ना. पहिलं उत्तर मी धरत नाही.”

बाई हसल्या, पण हसू टिकलं नाही. खरं सांगितलं तर समोर बसलेल्या लेकाला लागणार होतं. नाही सांगितलं, तर ओब्दुलिया इतक्या लांबून आली ती रित्या हाताने परत जाणार होती, आणि ज्या प्रश्नावर बाईंनी आयुष्यभर लोकांकडून खरं उत्तर घेतलं, त्याच प्रश्नावर त्या स्वतः खोटं बोलून बसणार होत्या. काळवंडलेल्या कोपऱ्यावर त्यांचं बोट फिरत राहिलं.

“मी उभ्याने जेवते,” त्या शेवटी म्हणाल्या. आधी स्पॅनिशमध्ये, मग लोरेनकडे बघून इंग्रजीत. “विल्मर गेल्यापासून. सिंकपाशी, डब्यातूनच. कधी गरमसुद्धा करत नाही. या टेबलावर एकटीने बसायचं म्हणजे… ते फार मोठं आहे.”

लोरेनने काटा ठेवला. “आई, मी दर शनिवारी येतो. विचारतो तुला.”

“विचारतोस ना राजा. मी म्हणते, मजेत आहे. आणि तुझी गाडी बाहेर चालूच असते.”

लोरेनचा चेहरा उतरला. टिल्डा हळूच उठली आणि आजीच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. ओब्दुलियाने मात्र कुणाचं सांत्वन केलं नाही. तिने रुमालाने नीट तोंड पुसलं आणि गंभीरपणे म्हणाली, “बरं. आमचं मंडळ जानेवारीत बसतं. मग कळवू.”

बाईंना इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

वाट बघणं काय असतं, ते बाईंना त्या हिवाळ्यात कळलं. फोन वाजला की हात पुसत धावायच्या. नोव्हेंबरात ‘टेबल’ बसलं, तेव्हा प्रार्थना संपते न संपते तोच त्या म्हणाल्या, “इथून पुढे लोकांना नोव्हेंबरपर्यंत ताटकळत ठेवायचं नाही. जेवून आलो, की त्याच आठवड्यात बसायचं.”

“मी हेच म्हणणार होते,” टिल्डा म्हणाली.

जानेवारीत निरोप आला.

“बाई, मंडळाने ठरवलं. तुम्हाला कोंबड्या द्यायच्या. पैसे चर्चमार्फत पाठवलेत, तिथंच घ्या. वाद फार झाला. कुणी म्हणालं गोधडी, कुणी म्हणालं भांडी. मी म्हटलं, माणूस स्वतःसाठी उठत नाही, पण कोंबड्यांसाठी उठतं. आणि अट तुम्हीच आम्हाला कोंबड्या देताना घातली होती तीच, पहिल्या पिलांतली जोडी शेजाऱ्याला द्यायची. दुसरी अट आमच्या बायकांनी घातलीय. अंडी एकटीने खायची नाहीत. बसून खायची.”

लोरेनने आईकडून त्याचा अर्थ दोनदा ऐकून घेतला. या वेळी त्याने उलटं-सुलटं काही काढलं नाही. “खुराडं मी बांधतो,” एवढंच म्हणाला.

खुराडं बांधायला त्याला बरेच शनिवार लागले. खरं तर इतके लागायला नको होते. पण गाडी बंद करून तो यायचा, दोन फळ्या ठोकायचा आणि जेवायची वेळ झाली की आत यायचा. बर्फ वितळल्यावर तांबड्या कोंबड्या आल्या, सोबत एक तोऱ्यात चालणारा कोंबडा. टिल्डाने त्याचं नाव ‘खजिनदार’ ठेवलं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली, पिलं निघाली, पिसं फुटली.

मग एका संध्याकाळी बाई खोक्यात पिलांची जोडी घेऊन रेल्वेरुळांपलीकडे गेल्या. तिथं ट्रेलरच्या घरात केन्ड्रा नावाची तरुण बाई आपल्या दोन पोरांना घेऊन राहायची. मागच्या हिवाळ्यात ‘टेबला’ने तिला घर उबदार ठेवायला गॅस भरून दिला होता. दारात बाईंना बघून ती गडबडली.

“अहो, आम्ही ठीक आहोत. खरंच काही नको आता.”

“मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “हे माझ्याकडून नाहीच. होंडुरासच्या बायकांकडून आहे. सांगते सगळं. पण मोठी गोष्ट आहे, बसून सांगायची.”

पोरं तोवर खोक्यावर तुटून पडली होती. केन्ड्राने खुर्चीवरचे कपडे उचलले, पुसायची म्हणून पुसली. शेगडीवर मॅकरोनी शिजत होती. कागदी बशीत तिने ती बाईंच्या पुढे ठेवली आणि स्वतःही समोर बसली. कोंबड्यांची गोष्ट सांगता सांगता बशी कधी रिकामी झाली, ते बाईंना कळलंच नाही.

“अजून वाढू?” केन्ड्राने विचारलं.

“नको गं, पुरे झालं.”

केन्ड्रा चमचा हातात धरून उभीच राहिली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि बशी पुढे केली. “बरं,” त्या म्हणाल्या. “वाढ थोडी.”