यंत्रापलीकडचे तपकिरी बूट

जपानमधल्या नागाओकाच्या बाजारातल्या त्या व्हिडिओ गेमच्या खेळघरात यंत्रं पाठीला पाठ लावून उभी होती. पलीकडे कोण बसलंय ते दिसत नसे, आणि डोकावायचं नाही हा न सांगता पाळलेला रिवाज. लाँड्री मुलाच्या हाती सोपवलेले मिझोगुची दर गुरुवारी एकाच माणसाशी खेळत. त्याचे फक्त तपकिरी कापडी बूट त्यांना ठाऊक होते, यंत्राखालच्या फटीतून दिसणारे.

खेळ साधा. वरून रंगीत गोळे पडतात, एका रंगाचे चार जुळले की फुटतात, आणि समोरच्याच्या डावावर राखाडी दगड कोसळतात. पडद्यावर दोघांचेही डाव दिसतात. हल्ली त्या बुटांचा निळा गोळा वरचेवर जांभळ्यावर जाऊन बसे. मिझोगुचींनी ओळखलं. मोतीबिंदू काढण्याआधी त्यांनीही निळे-जांभळे शर्ट एकाच ढिगात टाकले होते.

पण सांगायचं कसं? त्या माणसाला लाज वाटली आणि बूट यायचेच थांबले, तर गुरुवारात उरलं काय? म्हणून ते हळूच हरू लागले.

"अहो पलीकडचे! झोप लागली की काय?"

बाईचा आवाज. म्हातारा, पण खणखणीत.

"नाही... आज हात जरा..."

"हाताला काही झालेलं नाही. मुद्दाम हरताय! मी काय भीक मागायला बसलेय?"

बूट उठले. मिझोगुची धडपडत वळसा घालून गेले आणि त्या ठेंगण्या बाईंपुढे कमरेत वाकले.

"चुकलो. तुमचा निळा जांभळ्यावर पडतो. माझंही तसंच व्हायचं. मोतीबिंदू."

बाई परत खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "आणि मी पडद्याचे रंग विटले म्हणून काउंटरवर भांडून आले!"

"घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरात कोण बघतंय, मी कशावर काय ठेवते ते?" त्यांनी पर्स घट्ट धरली. "काढताना दुखतं का हो?"

"दुखत नाही. भीती वाटते. मी इतका थरथरत होतो, की नर्सने हात धरून ठेवला."

बाईंना हसू आलं. "मग काही गुरुवार बुडतील माझे. जागा दुसऱ्या कुणाला द्याल."

"नाही देणार."

"आणि हराल?"

"मुळीच नाही."

"मग जा, बसा जागेवर. निळा आला की ओरडून सांगा."

मिझोगुची आयुष्यात चारचौघांत कधी ओरडले नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

"निळा!"

"कान शाबूत आहेत माझे!" पलीकडून आवाज आला, आणि मिझोगुचींच्या डावावर धडाधड दगड कोसळले.