साहेबांना सोडवायचंय

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच शिंपी पायरीवर येऊन बसला होता. मांडीवर त्याचं मांजर, मांजराच्या तोंडातून दोन बोटं लोंबणारा लाल दोरा आणि शिंप्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव.

“ओढू का?” डॉक्टरीणबाई दिसताच त्याने विचारलं.

“हात नका लावू!” किल्ली कुलपातच ठेवून बाई त्याच्याकडे धावल्या. “आत सुई असली म्हणजे? ओढायला जाल आणि भलतंच काहीतरी फाडून ठेवाल.”

सुई होतीच. मांजराला भूल दिल्यावर ती टाळ्यात रुतलेली सापडली. बाईंनी चिमट्याने काढली, आणि थोड्या वेळाने मांजर शुद्धीवर येऊन मालकालाच बोचकारायला लागलं. दिवसाची सुरुवात झकास झाली, असं बाईंना वाटलं. माणसाला काय, वाटत असतं.

दवाखाना गावाबाहेर, रस्ता वळतो तिथे होता. पुढच्या खोलीत एक लाकडी बाक, कुत्र्यांचा वजनकाटा, औषधांचं काचेचं कपाट. काट्यावर आजवर एकही कुत्रा आपण होऊन चढला नव्हता. मागे आवार, आणि आवारात घोडे बांधायला चार ठाणं. त्यातल्या शेवटच्या ठाणात गेले बावीस दिवस साहेबांचा मुक्काम होता.

साहेब म्हणजे पाववाल्यांचा घोडा. सतरा वर्षं त्याने बेकरीची गाडी ओढली. कुठल्या दारात थांबायचं हे त्याला मालकापेक्षा चांगलं ठाऊक होतं, आणि एका घरच्या बाईने एकदा त्याच्या नाकावर छत्री मारली तर त्या दारात तो पुन्हा जन्मात थांबला नाही. पुढे दहा वर्षं ती बाई पाव घ्यायला कोपऱ्यापर्यंत चालत येत होती. असा सगळा तोरा, म्हणून नाव साहेब. मग गाडी बंद झाली, पाववाले घरी बसले आणि त्यांच्याबरोबर साहेबही निवृत्त झाले. रिकामपण वाईट. एके दिवशी साहेबांनी कोठीचं दार नाकाने ढकललं आणि शिळ्या पावाचं अख्खं पोतं फस्त केलं.

घोड्याच्या पोटात एवढा पाव गेला की त्याची शिक्षा खुरांना होते. खुराच्या आत सूज येते, हाडाला धरून ठेवणारी पकड सुटते, आणि घोड्याच्या वजनाने ते हाड हळूहळू खाली सरकत जातं. बाईंनी करायचं ते सगळं केलं होतं. नाल काढले, पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, खुरांखाली फोमचे जाड तुकडे चिकटपट्टीने बांधले, दुखणं कमी करणारी औषधं दिली. तरी दहाव्या दिवशीच्या एक्स-रेत हाड तळव्याकडे वळलेलं दिसलं, आणि परवाच्या एक्स-रेत ते आणखी खाली आलं होतं. साहेब पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभे असत. एक पाऊल टाकायचं म्हटलं तरी सगळं अंग थरथरायचं.

पाववाले दिवसाआड येत. साहेबांच्या कपाळाला कपाळ लावून थोडा वेळ उभे राहत आणि निघताना विचारत, “कसं काय, बाई?”

आणि बाई म्हणत, “बघू.”

हे ‘बघू’ बाईंचं स्वतःचं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हातारपणी काम सोडून गेले तेव्हा त्यांनी बाईंना दवाखाना दिला, कंपाउंडर दिला आणि हातासरशी दोन शब्दही दिले. पहिला ‘बघू’. जनावर वाचणार नाही हे कळलं की मोठे डॉक्टर चष्मा पुसत ‘बघू’ म्हणायचे, आणि ते ऐकलं की कंपाउंडर गुपचूप मागे जाऊन फावडं जागेवर आहे ना ते पाहून यायचा. दुसरा शब्द ‘सोडवणं’. मारणं हा शब्द त्यांनी दवाखान्यात कधी उच्चारू दिला नाही. दुखण्यातून सोडवायचं, असं म्हणायचे ते. पुढे पुढे नुसतंच ‘सोडवायचं’ उरलं. बाईंना हे दोन्ही शब्द फार आवडले होते. जीभ भाजत नव्हती त्यांनी.

शिंपी गेला आणि फोन वाजला. कंपाउंडरने घेतला, दोनदा ‘बरं’ म्हणाला आणि ठेवला.

“पाववाल्यांची मुलगी. चारला बाबा येतायत म्हणाली.” मग त्याने आवाज खाली आणला. “साहेबांना आज सोडवायचंय.”

टेबल पुसता पुसता बाईंचा हात थांबला. “तोच शब्द वापरला तिने?”

“अगदी तोच. तयारी करून ठेवा म्हणाली.”

“कळलं म्हणायचं त्यांचं त्यांनाच,” बाई म्हणाल्या.

त्यांना वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या क्षणभर आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हेही तितकंच खरं. बारा दिवस जे सांगायचं टाळलं होतं, ते आता सांगावं लागणार नव्हतं. आपण किती सहज मोकळे झालो याची त्यांना थोडी लाजही वाटली. पण लाज अशी की टेबल पुसून होईपर्यंत विरलीसुद्धा.

मग बाईंनी साहेबांचा दिवस चांगला करायला घेतला. औषधाची मात्रा वाढवली. बर्फाची घमेली उचलून ठेवली. इतके दिवस मोजून मापून दिलेलं गवत आज पुढ्यात भरपूर टाकलं, आणि डब्यातली दोन गाजरं स्वतःच्या हाताने भरवली. साहेबांनी गाजरं खाल्ली आणि बाईंचा खिसाही हुंगून पाहिला. दुपारी मानेवरचे केस कापून बाईंनी शिरेत नळी बसवली, म्हणजे ऐन वेळी टोचाटोची नको. कंपाउंडरने मोठ्या दोन सिरिंज भरून ट्रेमध्ये झाकून ठेवल्या. दोघंही कारण नसताना हळू बोलत होते.

चार वाजता फाटकात टेम्पो येऊन थांबला. बेकरीचाच जुना टेम्पो, पण आज धुतलेला. मागे पेंढ्याचा जाड थर, त्यावर घोंगडी. पाववाले उतरले. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. निरोपाला आले आहेत, बाईंच्या मनात आलं. आणि हा पेंढा! गेल्यावरही त्याला टणक लागू नये म्हणून. बाईंचे डोळे भरून आले.

“झाली का तयारी?” पाववाल्यांनी विचारलं.

“झाली. तुम्ही त्याच्या डोक्यापाशी उभे राहा, काका. पटकन होतं. त्याला काही कळायचं नाही.”

“पटकन कसलं होतंय!” पाववाले हसले. “सतरा वर्षांत तो कधी पटकन कुठे चढलाय? फळी आणलीये मी रुंद. दोघांनी मागून धरलं की होईल.”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात कंपाउंडर ट्रे घेऊन आला. त्याने कापड बाजूला केलं.

“अरे बापरे! एवढालं इंजेक्शन?” पाववाले म्हणाले. “प्रवासाचं का?”

त्यांना साहेबांना घरी न्यायचं होतं. दवाखान्यातून माणसाला सोडवून घरी नेतात, तसं. लेकीने फोनवर सांगितलं होतं तेही एवढंच. सगळी भाषा ज्या अर्थाने हा शब्द वापरते तो अर्थ सोडून बाईंनी आपल्या दवाखान्यातला अर्थ घेतला होता, कारण तोच त्यांना हवा होता.

क्षणभर बाईंना वाटलं, हो म्हणावं. प्रवासाचंच आहे म्हणावं. खोटंही ठरलं नसतं एका अर्थी. तोंडापर्यंत आलेला तो ‘हो’ त्यांनी गिळला, आणि कंपाउंडरला ट्रे आत न्यायला खुणावलं.

“काका, चूक झालीये,” त्या म्हणाल्या. “माझी. ते इंजेक्शन त्याला मारून टाकण्यासाठी होतं.”

पाववाल्यांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर थोडं राहिलं, आणि मग गेलं.

“मारायचं? कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. सोडवायचं म्हटलं की आमच्याकडे त्याचा अर्थ... आम्हाला वाटलं, तुम्ही ठरवलंत.”

“मी कशाला ठरवीन? बरा होतोय ना तो? तुम्ही ‘बघू’ म्हणालात.” ते आवारातल्या दगडी टाकीच्या काठावर बसले. “दर वेळी ‘बघू’ म्हणालात. मी घरी जाऊन सांगायचो, बाई म्हणाल्या बघू. बायकोने ठाण सारवून ठेवलंय.”

“‘बघू’ म्हणजे नाही,” बाई म्हणाल्या. “आमच्यात, आशा नसली की ‘बघू’ म्हणतात.”

“तुमच्यात.” पाववाल्यांनी मान हलवली. “मग मला कसं कळणार? मी कुठे तुमच्यात?”

कंपाउंडर खांबाआड जाऊन उभा राहिला.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“दहाव्या दिवसापासून.”

“आज कितवा?”

“बाविसावा.”

पाववाल्यांनी शेवटच्या ठाणाकडे पाहिलं. औषधाच्या जोरावर साहेब जरा बरे उभे होते, पण पुढचे पाय तसेच लांब टाकलेले. “म्हणजे बारा दिवस तो असा उभा आहे,” ते म्हणाले. “मला बरं वाटावं म्हणून.”

“नाही,” बाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं. “मला सांगायला लागू नये म्हणून.”

पाववाले आवाज चढवून नाही बोलले. चढवला असता तर बाईंना परवडलं असतं.

“मी आयुष्यभर पाव विकला, बाई. शिळा असला की शिळा आहे म्हणून सांगायचो. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं तर केलं. पण ताजा म्हणून शिळा नाही दिला कधी.” ते थांबले. “हे झालं ते त्या पावानेच ना? कडी मी लावली नव्हती त्या दिवशी.”

तसं काही नसतं हो काका, असं म्हणायची सवय बाईंच्या जिभेवर होती. तिला त्यांनी आवर घातला.

“हो. पावानेच.”

“बरं.” ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. “आता सरळ सांगा. घरी नेला तर?”

“दोन-चार दिवसांत हाड खुराच्या तळव्यातून बाहेर येईल. टेम्पोत चढतानाही येऊ शकेल. मग तो आडवा पडेल, आणि उठायला धडपडत राहील. औषध आता फार पुरत नाही. मी तुमच्या जागी असते तर आजच मारलं असतं. मी माझ्या जागीही तेच सांगायला हवं होतं.”

पाववाले ठाणात गेले. साहेबांच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. काय बोलले ते बाईंनी ऐकायचा प्रयत्न केला नाही. थोड्या वेळाने त्यांनी मागे न बघताच म्हटलं, “या.”

आधी गुंगीचं औषध. साहेबांची मान जड होऊन पाववाल्यांच्या खांद्यावर आली. मग बाईंनी पाववाल्यांना बाजूला केलं, आणि मोठ्या दोन्ही सिरिंज एकापाठोपाठ एक रिकाम्या केल्या. साहेबांनी एक खोल श्वास घेतला, मागचे पाय दुमडले आणि ते ठाणातल्या पेंढ्यावर कलंडले. बाईंनी गुडघे टेकून छातीला स्टेथोस्कोप लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं.

“मेला,” त्या म्हणाल्या.

हा शब्द त्यांनी त्या आवारात पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला. कंपाउंडरने दचकून वर पाहिलं. पाववाल्यांनी मात्र मान डोलावली, आणि टेम्पोतली घोंगडी आणून साहेबांवर घातली.

हात धुऊन बाई बाहेर आल्या तेव्हा पाववाले टेम्पोपाशी नुसतेच उभे होते. “ती दारात उभी असेल,” ते म्हणाले. “तिला काय सांगू ते कळत नाहीये. इतके दिवस तुमचाच शब्द नेऊन दिला तिला.”

“मी येते,” बाई म्हणाल्या.

रस्ताभर टेम्पोच्या मागच्या फळ्या खडखडत होत्या. पाववाल्यांची बायको खरंच दारात होती. ओढणीला हात पुसत ती फाटकापर्यंत आली, टेम्पोच्या मागे डोकावली आणि रिकामा पेंढा बघून नवऱ्याकडे वळली. त्याने बाईंकडे पाहिलं.

“काकू, आम्ही त्याला मारलं,” बाई म्हणाल्या. “तो बरा होणार नव्हता. मला हे बारा दिवसांपूर्वी कळलं होतं आणि मी यांना सांगितलं नाही.”

काकूंनी टेम्पोची कड धरली. मग त्यांनी विचारलं, “दुखत होतं का त्याला, इतके दिवस?”

पाववाले काही म्हणणार होते.

“हो,” बाई म्हणाल्या. “खूप दुखत होतं.”

काकू बाईंकडे बघत राहिल्या. बाईंनी नजर खाली घातली नाही, जरी फार घालावीशी वाटली.

“आत या,” अखेर काकू म्हणाल्या. “दोघंही या. आणि मला पहिल्यापासून सांगा.”