आगळाची पेटी

"हळू हं दत्ता, तळाशी आहेत दोन," आलोकसर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच पेटीची सुतळी कापली.

दत्तप्रसादला कळेना, कोकमाच्या आगळासाठी एवढी काय घाई! विमानतळावरून खोलीवरही न जाता तो सामानासकट हवल्लीला, या जुन्या गिऱ्हाइकाकडे, पेटी पोचवायला आला होता. गेली सोळा वर्षं तो कुवेतात एसी दुरुस्त करत होता आणि वेंगुर्ल्याहून परतताना त्याचं निम्मं सामान दुसऱ्यांचंच असे. कुणाचं बांधलेलं पार्सल त्यानं कधी उघडलं नव्हतं. उघडायचं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर चोर म्हणायचं. ते त्याला जमणारं नव्हतं. आणि ही पेटी तर सख्ख्या धाकट्या भावानं, प्रीतमनं, बांधून दिलेली.

कागदाच्या गुंडाळ्यांतून आगळाच्या चार बाटल्या निघाल्या. मग दोन निघाल्या त्या वेगळ्याच. लांब मानेच्या, आत फिकट पिवळं काहीतरी.

"तोरोंतेस!" सरांनी बाटली खिडकीकडे धरली. "अर्जेंटिनातल्या साल्टाची व्हाइट वाइन. कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर मळे आहेत तिथे. दिवसा कडक ऊन, रात्री थंडी. द्राक्षाला काय वास चढतो म्हणून सांगू! एकदा ब्यूनस आयर्सला प्यायलो, तेव्हापासून डोक्यात बसलीय. प्रीतमची बोट तिकडे जाते कळल्यावर म्हटलं, आण बाबा."

प्रीतमचा नंबर सरांना दत्तप्रसादनंच दिला होता.

दत्तप्रसादला विमानतळ आठवला. कस्टमच्या माणसानं पेटीवर बोट ठेवलं, तेव्हा त्यानं छातीला हात लावून सांगितलं होतं, "कोकम, फ्रूट सिरप." वर हसलाही होता, शहाणा! दारूबंदीचा देश; सापडला असता तर आधी तुरुंग, मग कायमचं घरी. लेकीचं, उर्वीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष कुणाच्या बापानं पुरं केलं असतं?

"साहेब, मला सांगायचं तरी."

"अरे, सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं! तुझा चेहरा इतका सरळ, कोण संशय घेणार? प्रीतमसुद्धा हेच म्हणाला." सरांनी बूच काढून ग्लास त्याच्या नाकाशी आणला. "बघ, जाईचा वास!"

खरंच जाईचा वास होता. एवढ्या हलकटपणाला इतका चांगला वास असावा, याचाच त्याला जास्त संताप आला.

"एसीला यापुढे दुसरा कोणी बघा," एवढं बोलून तो जिना उतरला. खालूनच त्यानं भावाला फोन लावला.

"पोचलस मा नीट? मग झाला तर!" प्रीतम हसत होता. "दादा, तुका सांगितला असता तर तू घेवन गेलो असतस?"

"नाय."

"म्हणानच सांगूक नाय."

याला आपण पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं, हे नेमकं आत्ताच आठवायचं होतं!

मिरकाब भागातल्या त्याच्या खोलीत कुणी नव्हतं. सोबती बापू ड्युटीवर होते. त्यांच्यासाठी आणलेलं पार्सल दत्तप्रसादनं बॅगेतून काढलं. बापूंच्या बायकोनं, प्रभाकाकींनी, पांढऱ्या कापडात बारीक टाक्यांनी शिवून दिलेलं. तो बघत बसला. यांचा तरी काय भरवसा! त्यानं ब्लेड घेतलं आणि टाके उसवले.

आत कुळथाची पिठी, सोलं, खाज्याचं पुडकं. आणि काकींच्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी, बापूंच्या दुखऱ्या गुडघ्याला बांधायला. दत्तप्रसादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं सुईदोरा शोधून सगळं परत शिवलं, पण टाके पडले ते त्याच्या हातचे.

संध्याकाळी बापू आले. पार्सल उघडण्याआधी ते नेहमी टाक्यांवरून बोट फिरवत. आजही फिरवलं, आणि बोट थांबलं.

"कस्टमवाल्यान फाडल्यान काय रे?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाय, बापूनू. मीच उघडलंय."

बापूंनी टाक्यांवरचं बोट काढून घेतलं. मग त्यांनी ते पार्सल, तसंच, न उघडता, खाटेखाली सरकवलं.