दारातलं ‘येतो’

भाट्ये गावच्या ठमाबाईची सून हिरा कुणाचा शब्द खाली पडू देत नसे, आणि सगळा घोळ त्यातच होता. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासू म्हणाली, “मासळीकडं जरा बघ.” मांजराने बांगडा उचलला, हिरा बघत राहिली. हाकल म्हणून कोणी सांगितलं होतं? ठमाबाईने कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसली. तेव्हापासून ती सुनेशी सरळ, उघडं बोलू लागली. बाजारातला गलका हिराला सोसत नसे, कानांवर हात जात; म्हणून टोपली घेऊन सासूच जाई आणि हिरा घरी जाळं विणी. पोरीवर ठमाबाईचा फार जीव जडला होता.

गणपती झाले. हिराचा नवरा दत्ताराम मुंबईच्या गोदीत कामाला. तो आगबोटीला निघाला. रीतीप्रमाणे उंबऱ्यात “येतो” म्हणाला. दर्याकाठच्या घरातून ‘जातो’ म्हणून कोणी निघत नाही.

हिराने त्याचं ताट वाढलं आणि दारात बसली. दिवस कलला.

“जेव गो,” सासू म्हणाली.

“येतो म्हटलानी ना.”

दुसऱ्या दिवशीही पोटात घास नाही. समजूत काढून ठमाबाई थकली. शेजारची गोदा पदर खोचून आली. “वेडी हाय ती. माहेरी धाड नि पोराचं दुसरं लगीन कर.” ठमाबाईला कळून चुकलं, अन्नावाचून नाहीतर गावच्या जिभेने, सून हातची जाणार होती.

“अगो हिरा, तो मुंबईला गेला.”

“मग येतो का म्हटलानी?”

“जातो म्हणू नये, बाय. म्हटलं तर माणूस परत येत नाय.”

हिराने विचार केला. “मामांनी काय म्हटलानी?”

मामा म्हणजे ठमाबाईचा नवरा दादू, होडीचा तांडेल. तो वादळात होडीसकट गेला, त्याला वर्षं लोटली होती. तोही ‘येतो’च म्हणाला होता. अजून रोज तिन्हीसांजेला शेवटचं शीड किनाऱ्याला लागेपर्यंत ती वाळूत उभी राही. तिला कधी कोणी वेडी म्हटलं नव्हतं.

ती सुनेशेजारी उंबऱ्यात बसली आणि रडली. “गोदे, ही वेडी, तर मी कोण गो?”

गोदाने काढता पाय घेतला. ठमाबाईने डोळे पुसले. “ऐक. दत्ताराम आज येणार नाय, उद्या नाय. शिमग्याला यायचं ठरवून गेलाय. तू आता जेवायचं.”

“असं आधीच सांगायचं ना,” म्हणत हिराने ताट ओढलं. त्या सांजेला ठमाबाई वाळूत गेली नाही.

शिमग्याला दत्ताराम आला. परत निघाला तेव्हा आईने त्याला उंबऱ्यात अडवलं.

“‘जातो’ म्हण.”

त्याचा चेहरा उतरला. “आये, असं कसं?” शेजारणींनी तोंडाला पदर लावले. गोदा म्हणाली, “दर्या ऐकतो हां!”

“दर्याला मराठी कळत नाय,” ठमाबाई म्हणाली. बोलताना भीती तिलाही वाटत होती. “माझ्या सुनेला कळतं.”

दत्ताराम हिराकडे वळला. “जातो. गणपतीला यायचं ठरवलंय.”

“जा,” हिरा समाधानाने म्हणाली, आणि आत जाऊन तिने दोघींपुरता भात टाकला.