कुलूपराणीची मापं

सहा वर्षं, दर रविवारी दुपारी, बेकरीच्या मागच्या खोलीतलं लांब टेबल जागं व्हायचं. त्यावर हातानं काढलेला नकाशा, टोक गेलेल्या पेन्सिली, वीस बाजूंचे फासे, आणि टेबलाच्या डोक्याशी, उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मास्तर. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर या खेळाचे सूत्रधार होते. सूत्रधारानं जग सांगायचं, त्यातले राक्षस हलवायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र अंगावर घेऊन त्या जगात वाट काढायची. वार लागला की हुकला, ते फाशानं ठरवायचं.

पण पुढच्या महिन्यात मास्तर मुलाकडे राहायला निघाले होते, पार दूरच्या शहरात. निघण्याआधी त्यांनी पुठ्ठा आणि फासे टेलरताईपुढे सरकवले.

"शेवटची लढाई तू मांडायची, पोरी. मुख्य खलनायक तुझा. मी एकदा तरी खेळाडू म्हणून बसतो."

टेलरताईचं कपडे बेतायचं-उसवायचं दुकान होतं आणि टेबलावर ती चार वर्षं तलवारबाज होती. सूत्रधार कधीच नव्हती. तिनं पुठ्ठ्याला हात लावायच्या आत दातांचे डॉक्टर बोलले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. या डॉक्टरांचं छान भरलं होतं, आणि जीभ त्यांच्या हत्यारांइतकीच धारदार होती.

"खलनायक जमला तर टेबल टेलरबाईंचं. नाहीच जमला तर आपण आहोत आणि पत्ते आहेत. रविवार काही कुणासाठी अडत नाही."

बेकरीवाला हसला. त्याची बायको हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. टेलरताईनं फासे पिशवीत टाकले. हे टेबल मोडलं तर ते तिच्या हातून मोडणार, एवढं तिला पक्कं कळलं.

खलनायिका तिला लवकर सापडली. एक राणी. हिचा धाकटा भाऊ पुरात वाहून गेला, म्हणून हिनं मुलखातल्या सगळ्या नद्या दगडी दरवाजांमागे कोंडल्या आणि दरवाजांना कुलपं घातली. कुलूपराणी. खाली गावं तहानेनं तडफडतात आणि ही वर बसून पाण्याशी बोलते. तिच्या तोंडी टेलरताईनं दोन ओळीही घातल्या:

*नदी गं बाई माझे, तुझं पाणी झुळूझुळू,*
*भाऊ दे माझा परत, किती दिस मी कळवळू.*

दुःख बसलं. आता ताकद बसवायची होती, आणि तिथे घोडं अडलं.

दुपारी दुकान रिकामं असताना ती कापायच्या टेबलावर लढाई मांडायची. चार खेळाडू म्हणजे कोटाची चार बटणं, राणी म्हणजे पितळी बक्कल. दोन्हीकडून तीच फासे टाकायची. पहिल्या दिवशी बक्कल दुसऱ्याच फेरीत आडवं. चौघांचे चार वार होईस्तोवर राणीचा एकच. एका हातानं चार हात कसे आवरणार? तिनं राणीचे जीव, म्हणजे मरण्याआधी सोसायच्या घावांचा आकडा, दुप्पट केला. मग राणी मरेना आणि कुणाला मारीनाही. तासभर खांबाला धपाटे घातल्यासारखं झालं. वार जबर केला, तर चारही बटणं गारद.

मग कपडा शिवतात तसं तिनं मध्येच उसवून पुन्हा जोडलं. राणीभोवती तीन कुलपं. जोवर कुलूप शाबूत, तोवर राणीला त्यामागे एक ज्यादा वार. म्हणजे सुरुवातीला चारास चार. कुलूप फोडलं की राणीचा एक हात गेला. पण फोडणाऱ्याची पाळी खर्ची पडते आणि सुटलेल्या पाण्याचा तडाखा त्यालाच बसतो. बटणांवर तिनं दहा लढाया केल्या. पाच राणीच्या, पाच बटणांच्या. तिची कॉलर ताठ झाली.

सासूबाई शेजारी एका कोटाचं अस्तर उसवत होत्या. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण गेला आठवडाभर त्या सगळं ऐकत होत्या.

"एक विचारू का गं? या दहाही वेळा ते डॉक्टर कसे वागले?"

"कसे म्हणजे? पहिल्याच फेरीत त्यांनी वणव्याचा मंत्र टाकला. सगळ्यात मोठा मंत्र आहे तो, एकदाच वापरता येतो."

"आणि खरे डॉक्टर टाकतील?"

टेलरताईचा हात थांबला. डॉक्टर सहा वर्षं तो मंत्र कनवटीला बांधून बसले होते. 'पुढे कामाला येईल' म्हणून.

"पुतळ्यावर बसलेला कोट माणसावर बसतोच असं नाही," सासूबाई सुईतून दोरा ओढत म्हणाल्या. "पुतळ्याला पोट नसतं, कुबड नसतं, हट्ट नसतो. तू चार पुतळे लढवलेस, सूनबाई. चारही तुझ्याच डोक्याचे."

ताईनं बटणं गोळा केली. राग आला होता, पण तो खरं ऐकल्याचा राग होता. संध्याकाळी तिनं गिऱ्हाइकांच्या मापांची वही उघडली आणि कोऱ्या पानावर माणसांची मापं घेतली. बेकरीवाला: आधी उडी, मग विचार. त्याची बायको: स्वतःची पाळी नेहमी नवऱ्याच्या जखमा भरण्यात घालवते. डॉक्टर: कंजूष. मास्तर: इथे तिनं नुसती रेघ ओढली. मास्तरांना खेळताना कुणी पाहिलंच नव्हतं.

मग डॉक्टरांच्या नावाशी ती बराच वेळ रेंगाळली. हा माणूस मंत्र टाकत का नाही? आणि तिला पुठ्ठा आठवला. त्याच्यामागे मास्तर फासे टाकायचे, आणि खेळाडूचा जीव घेणारा आकडा आला की तो गिळून 'हुकला' म्हणायचे. सगळ्यांना ते माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. सहा वर्षांत या टेबलावर कुणी मेलं नव्हतं. मग डॉक्टरांनी शेवटचा पैका काढावा तरी कशासाठी? आकडे कितीही नेमके बसवा, ज्या राणीला कुणी भीत नाही ती राणी बाहुलीच.

रविवारी ती टेबलाच्या डोक्याशी बसली आणि पुठ्ठा घडी करून खुर्चीखाली ठेवला.

"हे काय?" बेकरीवाला म्हणाला.

"फासे सगळ्यांसमोर पडतील. माझेही."

मास्तरांनी चष्मा पुसला.

तिनं राणीच्या दोन ओळी म्हटल्या, अगदी हळू, दळताना म्हणाव्या तशा. बेकरीवाल्याच्या बायकोची पेन्सिल हवेतच राहिली. "हिला मारायचं आपण?" ती पुटपुटली.

"गावं तहानलीत, वहिनी," ताई म्हणाली. "तुम्ही ठरवा."

लढाई लागली. बेकरीवाला वहीत लिहिल्याबरहुकूम राणीच्या अंगावर धावला आणि वहीत लिहिल्याबरहुकूम फटके खाऊन आला. बायको मलमपट्टीला लागली. डॉक्टर बारीक बारीक ठिणग्या फेकत राहिले. फक्त मास्तरांनी कमाल केली. जन्मभर ज्यांनी प्रत्येक पायरी मांडल्याशिवाय उत्तर लिहू दिलं नाही, ते मास्तर आपल्या पात्राला, एका गवंड्याला, घेऊन शाळा सुटल्यासारखे सुटले. "फोडतो बघ!" म्हणून पहिलं कुलूप फोडलं, पाण्याचा तडाखा खाल्ला, टाळी वाजवली आणि दुसऱ्या कुलपाकडे धावले.

"अहो मास्तर, जीव किती उरलेत बघा!" डॉक्टर ओरडले.

"बघतोय कोण!"

दुसरं कुलूपही गेलं. गवंड्याचे जीव उरले नऊ. आणि राणीची पाळी आली.

ताईनं फासा टाकला. चौदा किंवा वर आलं तर वार लागणार. फासा नकाशावरून गडगडत जाऊन एका बशीला टेकला. सतरा. मग घावाचा फासा. अकरा.

गवंड्याच्या नऊ जिवांपेक्षा दोन जास्त.

"टेलरबाई," डॉक्टर हळूच म्हणाले, जिभेची धार म्यान करून, "बशीला लागला हो फासा. परत टाका. मास्तरांचा शेवटचा डाव आहे."

बेकरीवाल्यानं मान हलवली. ताईच्या बोटांना फाशाच्या कडा रुतत होत्या. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. तिनं मास्तरांकडे पाहिलं. ते पुढे झुकून त्या आकड्याकडे बघत होते, डोळे विस्फारून. सहा वर्षं सगळ्या फाशांचं मरण त्यांनी एकट्यानं गिळलं होतं. पुढे काय होणार हे माहीत नसण्याची चैन त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

"सतरा म्हणजे सतरा," ताई म्हणाली. "राणीची साखळी गवंड्याच्या छातीत बसली. तो दुसऱ्या दरवाज्यापाशी पडला. पाणी त्याच्यावरून वाहतंय. तो उठत नाही."

मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि आपल्या कागदावर शून्य लिहिलं. गोल, नीट, फळ्यावर काढायचे तसं.

मग टेबल पेटलं. "मेले?" बेकरीवाल्याची बायको उभीच राहिली. "खरंच मेले? मग तुमच्या जखमा गेल्या खड्ड्यात!" असं नवऱ्याला सुनावून ती सहा वर्षांत पहिल्यांदा पुढे धावली आणि तिसऱ्या कुलपावर तुटून पडली. एक जीव राखून वाचली. डॉक्टरांनी कागद उलटा केला, मागे पार पुसट झालेल्या ओळीवर बोट ठेवलं. "वणवा," ते म्हणाले. "आत्ता. सगळाच्या सगळा." आठ फासे ओंजळीतून सांडले. राणीचे सहा जीव उरले, आणि बेकरीवाल्याच्या घावानं तेही गेले. नद्या सुटल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. जिंकलेली माणसं हरवलेल्या माणसांसारखी एकमेकांकडे बघत होती.

मग एकदम सगळे बोलायला लागले. पुढच्या रविवारी कोण कोणतं पात्र घेणार यावरून भांडण जुंपलं. डॉक्टर म्हणाले, "आता मी मंत्रबिंत्र घेणार नाही, मला धावायचंय," आणि पत्त्यांचं नाव कुणी काढलं नाही. ताई नकाशा गुंडाळत होती. गालांवर ऊन चढल्यासारखं तिला वाटत होतं.

दार लोटून मास्तरांचा मुलगा आत आला. वडिलांचं सामान बांधायला तो सकाळीच येऊन पोचला होता.

"काय बाबा, शेवटचा डाव ना? जिंकलात का?"

"मी? मेलो!" मास्तर म्हणाले. वर्गातला पहिला नंबर सांगावा अशा आवाजात. त्यांनी ताईचा खांदा धरून तिला मुलासमोर उभं केलं. "हिनं मारलं मला. भर पाण्यात, चारचौघांदेखत. आमची सूत्रधार आहे ही."