भेगेच्या टोकाला भोक

शंकररावांनी पंच टेकवला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. टक्. अंगणातल्या जुन्या सतरंजीवर मोटरसायकलची पुढची काच उताणी पडली होती. तिच्या डाव्या अंगाला जोंधळ्याच्या दाण्याएवढी पांढरी खूण उमटली. दौंडच्या इंजिनशेडमध्ये फिटर म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस. आधी पंच मारायचा, म्हणजे ड्रिल घसरत नाही, हे डोक्यापेक्षा हातालाच जास्त पाठ होतं.

"ओ शंकरराव, ती काच न्हाई," ओट्यावर बसलेला कोंडिबा म्हणाला. तो सीटकव्हरं शिवायचा. आज रेक्झिनच्या दोन पिशव्या शिवून घेऊन आला होता. "फायबर हाय ते. दिसायला काच, आन् जीव अंड्याच्या टरफलाचा. ठोके कशाला देताय? खिळा तापवा, हळू घाला. आन् नटाखाली रबराची चकती टाका, सायकलच्या ट्यूबची. जरा हलायला जागा ठेवा तिला."

"कोंडिबा, तू सुई चालव."

"चालवतोच की. पर सुईवाल्याला बी कळतंय, दोरा कुठं ओढायचा न् कुठं सोडायचा."

"अरं, शंभर टनाचं इंजिन माझ्या नटावर पळलंय. ह्या दोन पिशव्यांचं काय घेऊन बसलास?"

कोंडिबा हसला, पण शंकरराव हसले नाहीत. पिशव्या लेकीसाठी होत्या.

राजश्री त्यांची एकुलती एक. दिलेली शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडच्या वस्तीवर. जावई विनोद रांजणगावच्या कंपनीत कामाला. श्रावणात तिच्या छातीत गाठ निघाली, ती कापली, आणि आता दर तीन आठवड्यांनी एक असे सहा डोस घ्यायचे होते. दवाखाना सोलापूरच्या बाजूला. दौंडहून सकाळची पॅसेंजर धरायची, डोस घेऊन संध्याकाळी परत दौंड, रात्र आई-बापाकडे, दुसऱ्या दिवशी वस्ती. आदल्या दिवशीच या म्हटलं तर राजश्री म्हणायची, "दोन रात्री दीक्षाला सोडून न्हाई राहवत, आबा." दीक्षा सहा वर्षांची. गावातून पहिली एसटी निघेपर्यंत पॅसेंजर गेलेली असायची. म्हणून तांबडं फुटताना मोटरसायकल.

पातळ नेसलेली बाई गाडीवर एका अंगाला बसते. दोन्ही पाय डावीकडे. तिकडे पिशवी लावली तर पाय ठेवायचे कुठे? उजवीकडे सायलेन्सर तापतो. राहिली मांडी. पहिल्या डोसाला फाईल, एक्स-रेचं पाकीट, पाण्याची बाटली, ओकारीसाठी फडकी, सगळं तिच्या मांडीवर होतं. एका हातानं ते, एका हातानं विनोद. येताना एका गतिरोधकावर ती घसरलीच. विनोदनं मागं हात घालून दंड पकडला म्हणून वाचली. ते ऐकल्यापासून शंकररावांना जेवण गोड लागेना.

"तिच्या मांडीवर कायबी नको," ते बायकोला म्हणाले होते. "तिचे दोन्ही हात मोकळे पायजेत, नवऱ्याला धरायला."

डॉक्टरांपुढं त्यांना काही बोलता यायचं नाही. डोसाच्या बाटलीवरचं नाव वाचता यायचं नाही. पण हे जमणार होतं. विनोदनं थंडीच्या वाऱ्याला आडोसा म्हणून ही काच बसवलेलीच होती. तिच्या आतल्या अंगाला दोन पिशव्या लावायच्या, झालं.

ड्रिल त्यांनी शेडच्या सवयीनं अंग टाकून दाबलं. भोकातून पांढरे तुरे निघाले, जळक्या केसांचा वास सुटला. चार भोकं, चार नट. पान्यानं आवळून पुन्हा वर अर्धा आटा. शेडमध्ये एकदा ढिल्या नटानं रखमाजी नावाच्या जोडीदाराचं पाऊल नेलं होतं. तेव्हापासून शंकररावांचा नट कधी कुणाला हातानं फिरला नाही.

ओट्यावर तांदूळ निवडत त्यांची बायको ताईबाई गुणगुणत होती. लेकीच्या दुखण्यापासून तिच्या तोंडी आपसूक ओव्या यायला लागल्या होत्या.

*बाप माझा गं फिटर, हात त्याचा लोखंडाचा*
*लेकीच्या गं माथ्यावर झाला पेळू कापसाचा*

दुसऱ्या डोसाला राजश्री आली ती हसत. "आबा, लई झ्याक झालं. ह्यांना अशी मिठी मारून आले, कारखान्याचे ट्रॅक्टरवाले बघत हुते नुसते."

"लाज हाय का जरा," ताईबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला आत गेली. राजश्रीच्या डोक्याला रुमाल होता. त्याखाली आता काही उरलं नव्हतं.

शंकरराव गाडीकडे गेले. वरच्या डाव्या भोकापासून एक केस निघाला होता. बोटभर लांब. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. केस नव्हता, भेग होती.

"मामा, रस्ता लई खराब हाय," विनोद मागून म्हणाला. "उसाच्या ट्रॉल्यांनी पार चाळण केलीय. त्यानं झालं आसंल."

"काय न्हाई होत. भेग आंधळी असती, विनोद. तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं की तिला पुढची वाट सापडत न्हाई. आम्ही इंजिनाच्या पत्र्याला आसंच करायचो."

त्यांनी पंच घेतला, भेगेच्या टोकाला ठोका दिला, बारीक ड्रिलनं भोक पाडलं. पुढं सरकली तर कळावी म्हणून निळ्या खडूची रेघ ओढली.

तिसऱ्या डोसाला भेग खडूच्या पलीकडे गेली होती. भोकाच्या दुसऱ्या अंगानं तिनं वाट काढली होती, आणि एक फाटाही फुटला होता. राजश्रीचं वजन सहा किलो उतरलं होतं. तळहात काळे पडले होते. ओट्यावर बसून ती काचेकडे बघत म्हणाली, "आबा, ही बघा भीमा. आन् ही आली घोड नदी. उन्हात आसली चमकती, मला सगळा रस्ताभर दिसती ह्यांच्या खांद्यावरनं."

शंकररावांनी दोन्ही नद्यांच्या टोकाला भोकं पाडली. नट जरा हलल्यासारखे वाटले, म्हणून आणखी आवळले.

घरी जाताना भीमेच्या पुलाजवळ विनोदनं गाडी थांबवली. "राजे, ह्या पिशव्या काढून टाकू का? मी पुढं टाकीवर बांधतो काहीतरी. ही काच काय टिकत न्हाई."

"न्हाई."

"अगं पर..."

"आबा रोज सकाळी उठून त्या खडूची आठवण काढत्यात. आईनं सांगितलं मला. तुम्ही काढल्या तर त्यांना वाटंल, त्यांच्यानं येवढं बी झालं न्हाई." मग म्हणाली, "हळू चालवा. राहिल्यात किती, तीनच तर खेपा."

विनोदनं ऐकलं. बायकोचं आता तो सगळंच ऐकायचा.

चौथा डोस झाला. पाचव्याला निघाले तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. पुलाच्या अलीकडे ट्रॉल्यांनी डांबर उचकटून मोठा खळगा पाडला होता. गाडी आदळली. काच उभी चिरली आणि डावा अर्धा भाग सुटला. पिशवी एका नटावर लोंबली, हँडल आणि टाकीच्या मध्ये पाचरीसारखी बसली. हँडल वळेना. गाडी डाव्या अंगावर गेली. राजश्रीचे पाय त्याच अंगाला होते. तिच्या दोन्ही हातांची मिठी विनोदच्या कमरेला होती, ती तिनं सोडली नाही. एक हात जरी जमिनीला टेकला असता, तर सगळा भार खुब्यावर आला नसता.

फाईल तेवढी पिशवीत जशीच्या तशी राहिली.

खुबा मोडला. दौंडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून पाहिला आणि विनोदला बाजूला घेतलं. हाड नुसतं पडून मोडलेलं नाही, दुखणं आधीच तिथवर पोचलं होतं. आता गाडीनं, रेल्वेनं, कशानंच हलवायचं नाही. डोस राहू द्या. घरी न्या.

घर म्हणजे शंकररावांचंच. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. दीक्षालाही आणलं. ती आईच्या उजव्या कुशीत झोपायची, डावीकडे फळी बांधलेली.

"झालं कसं पर?" शंकररावांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

विनोद बायकोकडे पाहू लागला. राजश्री म्हणाली, "कुत्रं आडवं आलं, आबा. काळं कुत्रं. ह्यांनी ब्रेक दाबला."

"काचंचं काय झालं?"

"ती पडल्यावर फुटली."

आठ दिवस शंकररावांनी ते धरून ठेवलं. आल्यागेल्याला तेच सांगितलं. नवव्या दिवशी उन्हं वर आल्यावर सायकल काढली आणि पुलाजवळच्या गॅरेजात गेले. गाडी भिंतीला टेकवून ठेवलेली. चाकं सरळ होती, पुढचा दांडाही धड होता.

"ही गाडी कुत्र्याला धडकली म्हणत्यात," ते मिस्त्रीला म्हणाले.

"कसलं कुत्रं, बाबा?" मिस्त्री हात पुसत आला. "मीच उचललं त्यास्नी. काच तुटून पिशवी हँडलात घुसली. हे बघा, हितंच हाय." त्यानं कोपऱ्यातून पिशवी ओढून काढली. रेक्झिनला काचेचा बशीएवढा तुकडा लटकलेला होता, आणि त्यात नट. तुकड्यावर निळ्या खडूची फिकट रेघ होती. "नट बघा की. दहाचा पाना लावला, तरी हलला न्हाई. काच फुटली, माणसं पडली, पर ह्यो ढिला न्हाई झाला. कुणी आवळला कुणास ठाऊक. अकलेनं कमी हुता बिचारा, पर हात जबर."

शंकररावांनी नटावर अंगठा ठेवला. चारही बाजूंनी काचेत पांढऱ्या रेषा पसरलेल्या होत्या. खाली चकती नव्हती.

"खरं हाय," ते म्हणाले.

तुकडा त्यांनी रेक्झिनमधून उचकटून सदऱ्याच्या बाजूच्या खिशात घातला. वाटेत कोंडिबाचं दुकान लागलं. कोंडिबानं मशीन थांबवून वर पाहिलं. त्याच्या खिळ्याला जुन्या ट्यूबा टांगलेल्या होत्या. शंकरराव सायकलवरून न उतरता पुढं गेले.

घरी राजश्री जागी होती. दीक्षा शाळेच्या गोष्टी सांगून सांगून झोपली होती.

"कुठं गेलता, आबा?"

"गाडी बघून आलो."

ती छपराच्या पत्र्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लई लागलं का हो गाडीला?"

"न्हाई. धड हाय."

"त्या कुत्र्यानं घात केला बघा."

शंकररावांच्या खिशातला तुकडा मांडीला टोचत होता. "व्हय, बाई," ते म्हणाले. "कुत्र्याला काय कळतंय."

तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. ताईबाई दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत फिरली.

राजश्रीनं हात पुढं केला. शंकररावांनी तो धरला. काळवंडलेला, पाखरासारखा हलका. त्यांची बोटं सवयीनं आवळली गेली.

"आबा," ती म्हणाली, "जरा ढिला धरा. हाडं दुखत्यात."

त्यांनी घाईघाईनं बोटं सैल केली. इतकी, की तिचा हात त्यांच्या तळव्यावरून निसटून गोधडीवर पडला. त्यांनी तो पुन्हा उचलला. किती धरावं ते त्यांच्या हाताला कळेना. म्हणून त्यांनी आपला तळवा उताणा करून गोधडीवर ठेवला, तिचा हात त्यावर ठेवला, आणि संध्याकाळची पॅसेंजर शिट्टी देऊन निघून गेली तरी हात तसूभर हलवला नाही.