टबातलं जहर

सिहोऱ्याच्या बाजारात त्या दुपारी भाजीवाल्यांसमोर कुणीच नव्हतं. सगळी गर्दी एका निळ्या टबाभोवती. टबात एका बाईचे पाय, पायांच्या मध्ये वायरीला जोडलेलं वेटोळं, आणि समोर पांढऱ्या कोटातला राजकुमार नावाचा स्वयंघोषित डॉक्टर.

"पाहा मायबाप! पाणी स्वच्छ होतं का नव्हतं?"

"होतं!"

"आता पाहा!"

पाणी आधी पिवळं झालं, मग तांबूस, मग गटारासारखं तपकिरी. वर फेस आला, त्यात काळे कण तरंगायला लागले. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"हे दवाखान्यातल्या लाल गोळ्यांचं जहर, विजेनं खेचून काढलेलं! लोखंडाचा चुरा! विदेशी कंपन्यांचा डाव आहे, गरिबाच्या लेकीसुनांची कूस बंद करायचा. टीव्हीवाले हे सांगणार नाहीत. काहून? कारण तेही सामील आहेत!"

एरवी मला अशा गोष्टींची चटकच आहे. मी साकोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मोबाइलवर कुणी 'डाव' उघड केला की माझा रविवार मजेत जातो. प्रत्येक अफवेत एखादा खरा दाणा असतो. तो शोधायचा, आणि त्याच्यावर चढवलेली पुटं एकेक करून सोलायची. त्या दिवशी मात्र मजा वाटेना. टबात पाय घालून बसलेली बाई माझी धाकटी बहीण दीपमाला होती. पाचवा महिना लागलेला, ओठ पांढरे पडलेले. रक्त कमी आहे असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हिने गोळ्या बंद केल्या होत्या.

तिच्या घरी आल्यावर मी गोळ्यांचं नाव काढताच तिच्या सासूबाई, शकुनबाई, माझ्यावरच उखडल्या. "आम्ही डोळ्यानं पाह्यलं. गोळी घेतली का संडासले काळं होते. ते काय होय मंग?"

खरा दाणा हा होता. "मावशी, सगळं लोह अंगात मुरत नाही. उरतं ते बाहेर पडतं, म्हणून काळं."

"अन् टबातलं?"

मला बसवेना. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून परत आत, अशा माझ्या येरझाऱ्या चालू झाल्या.

"ते वेटोळं तुझ्या पायाला लागत होतं?" मी दीपमालाला विचारलं.

"नाही ताई. पाण्यातच होतं."

"पाण्यात काही टाकलं होतं?"

"मीठ. शुद्धीसाठी म्हणे."

मीठ! मी थबकलेच. दीपमालाच्या नवऱ्याच्या, कुलदीपच्या, मोटारसायकलची बॅटरी काढली, दोन मोठे खिळे शोधले, बादलीत पाणी घेऊन मूठभर मीठ विरघळवलं. वायरी जोडताच खिळ्यांवर बुडबुडे आले. शकुनबाई दारातून पाहत होत्या. पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग तपकिरी.

"यात तं कोनाचेच पाय नाही," शकुनबाई हळूच म्हणाल्या. मग आत जाऊन भलंमोठं कोहळं घेऊन आल्या. "उद्या चाल माह्यासंगं. हे त्याच्या टबात टाकतो."

दुसऱ्या दिवशी टब तिथेच होता. मी आणि दीपमाला मागे, शकुनबाई गर्दी सारून पुढे झाल्या.

"डाक्टर, याच्या अंगातलं जहर काढ बरं."

हसण्याचा गलका झाला. लोकांसमोर राजकुमारला नाही म्हणता येईना. कोहळं टबात गेलं, यंत्र चालू झालं, पाणी तपकिरी झालं. मला वाटलं, संपलं.

"पाहा!" राजकुमार उलट ओरडला. "युरिया! कोहळ्यातही जहर! मी काय सांगत होतो?"

"हो ना बाप्पा," मागून कुणी म्हणालं. "आजकाल खत किती टाकतेत!"

मी क्षणभर थक्क झाले. या अफवेच्या तोंडात काहीही टाका, ती पचवून वर ढेकर देते! पण मी तयारीनं आले होते. टॉर्चच्या जुन्या सेलमधून काढलेल्या कोळशाच्या कांड्या माझ्या पर्समध्ये होत्या.

"यंत्र तुमचंच," मी म्हटलं. "मीठही तुमचंच. फक्त वेटोळ्याच्या जागी या कांड्या लावायच्या."

"शक्ती वेटोळ्यात असते, मॅडम."

"काल तर वीज जहर खेचते म्हणाले तुम्ही," दीपमाला म्हणाली. काल टबात बसलेली तीच, म्हणून लोक तिच्याकडे वळून पाहू लागले. "कांडीतून वीज जातच असेल ना? लावा."

"लाव! लाव!" गर्दीच हट्ट धरून बसली.

नवं पाणी आलं. शकुनबाईंनी चपला काढून पाय टबात घातले. कांड्यांवर बुडबुडे सुटले, म्हणजे वीज वाहत होती. सगळे टबावर वाकले. पाणी स्वच्छच राहिलं.

"आता काहून नाही निघत?" शकुनबाई गरजल्या. "मी तं जिंदगीभर गोळ्या खाल्ल्या, पोरा!"

मी ते वेटोळं उचलून सगळ्यांना दाखवलं. जागोजागी कुरतडलेलं, गंजानं माखलेलं. "मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं. कोळशाला गंज नाही. टबातला चुरा इथून येतो. पाय असोत, कोहळं असो, नाहीतर काहीच नसो."

"ही कंपनीचीच बाई आहे!" वायरी गुंडाळता गुंडाळता राजकुमार ओरडला. डावात आता मीही सामील झाले होते. दोनचार माना त्यालाही डोलल्या, हे सांगायलाच हवं. पण बाकीचे हसत होते, आणि टबासाठी रांगेत उभ्या असलेल्या बायका एकेक करून घरी निघाल्या.

संध्याकाळी जेवण झाल्यावर शकुनबाईंनी स्वतः गोळी आणून सुनेच्या हातावर ठेवली. "घे. काळं झालं तं होऊ दे."

मित्रहो, शंका घ्यायला माझी ना नाही. सरकारवर घ्या, कंपनीवर घ्या, माझ्यावरही घ्या. फक्त तीच शंका टब घेऊन आलेल्यावरही घ्या. नवल दिसलं की त्यातली एकेक गोष्ट काढून पाहा, बदलून पाहा. पाय काढून पाहा, मीठ काढून पाहा, लोखंड बदलून पाहा. जे खरं असेल ते टिकेल. आणि शोधता शोधता जी गंमत येते, ती कुठल्याही चमत्कारात नाही.